ऐक्यवर्धिनीचं पायाळू कुत्रं

ज्या कॉलनीत माणसं तोंड धुतलेलं पाणी तुळशीला घालतात आणि तुळशीखालून निथळलेलं पुन्हा बादलीत धरतात, त्या कॉलनीत स्पेन देशाचं कुत्रं आणायला माणूस एकतर गडगंज श्रीमंत लागतो, नाहीतर प्राध्यापक लागतो. सुंदरराव प्राध्यापक होते. आष्टीच्या एका ज्युनिअर कॉलेजात ते भूगोल शिकवायचे. आपला तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो हे ते इतकी वर्षं शिकवत आले होते, की पाऊस पडला नाही की त्यांना आपल्याच अध्यापनाचा निकाल चांगला लागल्यासारखं वाटायचं.

कुत्रं त्यांनी आणलं म्हणण्यापेक्षा ते त्यांच्या गळ्यात पडलं. पुण्याच्या साडूंना परदेशी बदली मिळाली आणि घरातल्या ज्या वस्तू विमानात जात नाहीत त्या नातेवाइकांत वाटायचं ठरलं. सोफा मेहुण्याला गेला, फ्रीज बहिणीला गेला आणि कुत्रं सुंदररावांच्या वाट्याला आलं. एरवी ह्या साडूंनी सुंदररावांना चहा दुसऱ्यांदा कधी विचारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की ही पेर्दिगेरो नावाची खानदानी जात आहे, स्पेनमधले जमीनदार शेकडो वर्षं ती पाळत आलेत, रानात नेली तर शिकारी आणि घरात ठेवली तर लेकरू. सुंदररावांची छाती फुगली. स्पेन नकाशात कुठे येतो हे आपल्या कॉलनीत आपल्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही, हा विचार त्यांना नगरपर्यंत पुरला. नगरच्या पुढे जीपच्या ड्रायव्हरने विचारलं, की वासरू मागं एवढं गप कसं बसलंय.

ड्रायव्हरचं फार चुकलं नव्हतं. कुत्रं अंगाने वासराएवढंच होतं. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, भाकरी तव्यावर विसरली की पडतात तसे. कान गालांच्या खाली लोंबणारे, गळ्याला कातडीच्या दोन पोळ्या, आणि चेहरा असा की नुकतंच कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन आलंय. साडूंनी त्याचं नाव डिएगो ठेवलं होतं. कॉलनीने दुसऱ्या दिवशी दगडू केलं.

ह्या जातीचा एक गुण साडूंनी मुद्दाम समजावून सांगितला होता. हे कुत्रं शिकार धरत नाही, नुसती दाखवतं. झुडपात तित्तर दबून बसलेला असला, की ह्याला लांबूनच वास येतो. मग एक पुढचा पाय उचलून, नाक पुढे करून, शेपूट ताठ ठेवून ते जागच्या जागी उभं राहतं आणि बंदूकवाला येईपर्यंत हलत नाही. म्हणजे स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याला नुसतं दाखवायचं. हे ऐकल्यावर सुंदररावांना वाटलं, की असं जनावर खरं तर आपल्या संस्थेच्या संचालक मंडळावरच घ्यायला पाहिजे. बंदूकवाला मात्र कुठून आणणार हे साडूंनी सांगितलं नाही. आपल्याकडे तित्तर मारला की वनखात्याचे लोक माणसालाच उचलून नेतात. तेव्हा शिकारीचं कुत्रं आणि शिकारीला बंदी, असा हा साडूशाही आहेर होता.

संस्थेचं नाव ऐक्यवर्धिनी सहकारी गृहनिर्माण संस्था. हे नाव ज्याने ठेवलं त्याला विनोदाची जाण फार असावी, किंवा अजिबात नसावी. मास्तर, कारकून आणि निवृत्त अधिकारी ह्यांनी माळावर ही कॉलनी वसवली, आणि तेव्हापासून दोन शेजाऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. चेअरमन मोहनराव. हे पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. खातं विस्तारलं की नाही देव जाणे, ते स्वतः मात्र चांगले विस्तारले होते. कॉलनीच्या टोकाला त्यांचं घर, आणि टँकर वळायला जागा फक्त त्यांच्याच दारात, त्यामुळे टँकर आधी त्यांच्या फाटकात शिरायचा. तिथे ते पाणी 'मोजून घ्यायचे' आणि उरलेलं बाहेर पिपापिपाने वाटायचे. पाणी दर आठवड्याला कमी व्हायचं. रस्त्यात खड्डे लई हायेत, सांडतं, असं चेअरमन सांगायचे. खड्डे खरोखरच होते, त्यामुळे कुणाला काही बोलता यायचं नाही.

मोहनरावांच्या आवारातून सकाळी तित्तराची खणखणीत साद ऐकू यायची. माळावरचा असेल, असं ते म्हणायचे. पाळीव तित्तर पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे हे माजी अधिकाऱ्याला माहीत असणारच, म्हणून सगळ्यांनीच तो माळावरचा आहे असं मान्य केलं होतं. कुत्रं आल्या दिवशीच त्यांनी सुंदररावांना निरोप धाडला, की आमच्या दारावरून तुमचं जनावर न्यायचं नाही. सुंदररावांनी तो निरोप निमूट पाळला.

मग सल्ले सुरू झाले. संस्थेचे सेक्रेटरी सुग्रीव शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवून निवृत्त झालेले, त्यामुळे शास्त्र ह्या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. त्यांनी कुत्र्याचे कान ओढून पाहिले, जीभ पाहिली आणि निदान केलं, की हे थंड प्रकृतीचं आहे, ह्याला रोज ठेच्याचा गोळा द्या, म्हणजे तापट होईल. दुसऱ्या एकाने सांगितलं, कान वजनाने जड आहेत, थोडे कापून घ्या. समोरच्या जानकीबाई एकट्या राहायच्या. त्यांच्या वाट्याला पाणी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी यायचं, आणि त्याची भरपाई त्या जिभेने करायच्या. कुत्रं भुंकत नाही हे त्यांच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं.

"भुंकत न्हाई तर पाळलं कावून सर?"

ही शांत जात आहे, स्पेनमध्ये असंच असतं, असं सुंदररावांनी सांगितलं. स्पेनातले चोर गुणाचे असतील, असं म्हणून जानकीबाई घरात गेल्या.

हे सगळं सुंदररावांनी सोसलं असतं. पण कुत्रं पाणी प्यायचं. एवढं थोर कुत्रं तांब्याभर पाण्यात भागत नाही; ते घमेलं रिकामं करायचं आणि वर बघायचं. दुष्काळात दुसऱ्याच्या घरचं जनावर पाणी पिताना बघणं हा माणसाच्या चांगुलपणाचा फार मोठा कस असतो, आणि ऐक्यवर्धिनीत चांगुलपणाचाही तुटवडाच होता. कुंपणावरून माना डोकावू लागल्या. सुंदररावांनी सनदशीर मार्ग धरला आणि कुत्र्याच्या पाण्यासाठी तहसिलात गेले. तिथल्या बाबूने ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की टँकरचं पाणी माणसांना आहे आणि जनावरांसाठी चारा छावणी आहे. तुमचं माणूस असेल तर रेशनकार्डावर नाव दाखवा, जनावर असेल तर छावणीत नेऊन बांधा. छावणीवाला भला माणूस. तो ठेवून घ्यायला तयार होता, पण खायला ऊस आणि कडबा मिळेल म्हणाला. सुंदररावांनी त्याला पेर्दिगेरो जातीचा आहार समजावून सांगितला, तेव्हा त्याने आसपासच्या लोकांना बोलावून पुन्हा एकदा सांगायला लावला. ती माणसं पोट धरून हसली आणि सुंदरराव घरी आले.

तोवर संस्थेची सभा झाली होती. आयत्या वेळच्या विषयांत ठराव आला, सुग्रीव सूचक झाले, अनुमोदन द्यायला चौघं एकदम उठले. ऐक्यवर्धिनीच्या इतिहासातलं हे पहिलं ऐक्य. मोहनरावांनी तो परतलेल्या सुंदररावांना ऐकवला, "सर, हितं माणसाला घोट न्हाई आन् तुमी भाईर देशाचं जनावर पोसता. पाडव्यापस्तोर काय ते ठरवा. कुत्रं तरी ठेवा, न्हाईतर संस्थेचं पाणी तरी घ्या. दोन्ही न्हाई भेटायचं."

आता इथे सुंदररावांची खरी अडचण सांगायला पाहिजे. कुत्रं आलं ते मिरवायला, हे कबूलच आहे. पण मधल्या दिवसांत सुंदररावांना त्याचा लळा लागला होता, आणि तो लाजिरवाण्या प्रकारचा होता. वर्गात पोरं त्यांचं ऐकत नव्हती. घरात विमलबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांचं वाक्य अर्ध्यात असतानाच भांडी घासायला उठायच्या. डिएगो मात्र त्यांच्या पुढ्यात बसून, मान किंचित तिरपी करून, मान्सूनचे वारे पश्चिम घाटाला अडतात इथपासून आपल्या वाट्याला काही येत नाही इथपर्यंत सगळं ऐकून घ्यायचा, आणि शेवटी दुःखी चेहऱ्याने त्यांच्या गुडघ्यावर जबडा टेकायचा. पर्जन्यछायेचं दुःख आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी कळलं होतं. विमलबाईंनी पहिल्या दिवशी त्याला धारूरच्या डोंगरात सोडून या म्हणून सांगितलं होतं. आता त्याच बाई आपल्या चुळीचं पाणी वाचवून त्याच्या घमेल्यात ओतायच्या, आणि कुणी पाहिलं की लवंडलं म्हणायच्या.

पण पाण्यापुढे कुणाचं चालतं? चौसाळ्याच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे मळा होता, त्यांनी कुत्रं घ्यायचं कबूल केलं. जीप ठरली. पाडव्याच्या आदल्या सकाळी सुंदरराव त्याला माळावर शेवटचं फिरवायला घेऊन गेले. त्या दिवशी ते मान्सूनवर काही बोलले नाहीत.

त्याच माळावर त्याच सकाळी अख्खी संस्था जमली होती. बोअर घ्यायची परवानगी आली होती, आणि घ्यायचा तो एकच. जागा दाखवायला सटवा पाणाड्या बोलावला होता. सटवा तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचा. पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो अशी त्याची ख्याती. नारळ नेमका मोहनरावांच्या मेहुण्याच्या प्लॉटपुढे उभा राहिला. नारळ कुणी आणून दिला होता हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तिथेच बाचाबाची सुरू झाली. कुणी कुणाला बे म्हणालं, कुणी कुणाच्या बापाची नोकरी काढली. तेवढ्यात सुंदररावांच्या हातातून साखळी सुटली.

डिएगो चार ढांगा गेला आणि बोराटीच्या झुडपापुढे थांबला. उजवा पाय उचलला, नाक पुढे, शेपूट ताठ. पापणी हलेना. माणसं भांडता भांडता गप्प झाली. ऐक्यवर्धिनीत कुणीही एका जागी इतका वेळ काही न बोलता उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. सुग्रीव जवळ जाऊन फिरून आले, कुत्र्याच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. कुत्रं दगड.

पहिला सावरला तो सटवा. त्याचा धंदा पणाला लागला होता. त्याने नारळ पिशवीत टाकला आणि जाहीर केलं, की हे कुत्रं पायाळू दिसतं, आणि पायाळू आसपास असला की नारळाचं काही चालत नाही. जन्मताना डोक्याआधी ज्याचे पाय बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळूला जमिनीच्या पोटातलं पाणी दिसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सगळे सुंदररावांकडे वळले.

"खरं सांगा सर," मोहनराव म्हणाले, "ह्ये पायाळू हाय का?"

सुंदरराव दरवर्षी स्नेहसंमेलनात अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे. त्या भाषणात पाणाड्यावर एक खास परिच्छेद होता, त्याला टाळ्याही पडायच्या. आणि झुडपाच्या पलीकडून एक तित्तर मान खाली घालून बाभळीकडे पळत निघालेला त्यांना स्पष्ट दिसत होता. बाकीचे कुत्र्याला हात जोडत होते, त्यांना तो दिसला नाही. सुंदररावांनी तित्तराकडे पाहिलं, डिएगोकडे पाहिलं, चौसाळ्याची जीप त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"हो," ते म्हणाले. "साडू तसं बोलले होते खरे."

झालं. पाडव्याला कुत्रं हाकलायचं होतं, त्याच पाडव्याला त्याच्या गळ्यात साखरेची गाठी पडली. ठराव फिरवला गेला. दगडूसाठी टँकरमधून वेगळी कळशी मंजूर झाली. विमलबाईंच्या दारात सकाळी रांग लागायला लागली, कारण पायाळूचा पाय कंबरेला लागला की उसण उतरते. चांगले शिकलेले, निवृत्तिवेतन घेणारे लोक ओट्यावर पालथे पडायचे आणि सुंदररावांना त्यांच्या कमरेवर कुत्र्याचा पंजा ठेवायला लागायचा. सुग्रीव दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी पाय जरा डावीकडे घ्यायला सांगितला.

बोअर कुठे घ्यायचा ह्यावरून मात्र पुन्हा ऐक्य मोडलं. जागेवर चुना टाकून खूण केली होती, पण भोक नाकाखाली पाडायचं की उचललेल्या पायाखाली? नाक आणि पाय ह्यांत हातभर अंतर. संस्थेत दोन तट पडले. नाकवाल्यांचं म्हणणं, कुत्रं वासाने ओळखतं. पायवाल्यांचं म्हणणं, अहो, जनावर पायाळू आहे, नाकाळू नाही. सभा झाली, मतदान झालं, पायवाले निसटत्या मतांनी जिंकले. गाडी आली, पायाखाली भोक पाडलं. पांढरा फुफाटा निघाला, मग लाल फुफाटा निघाला, मग पुन्हा पांढरा निघाला, आणि बोअरवाला अंग झटकून निघून गेला. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. सुंदरराव जीव मुठीत धरून उभे होते. आता कुत्र्याचं काही खरं नाही असं त्यांना वाटलं. पण आपल्याकडे डॉक्टरचं निदान चुकलं तर माणसं डॉक्टर बदलतात, पाणाड्याचं चुकलं तर जमीन बदलतात. नाकवाले विजयाने ओरडत होते, की आम्ही आधीच सांगितलं होतं. पायवाल्यांनी मान खाली घातली. दगडूवर कुणी एक बोट उचललं नाही. उलट पाणी हातभरावरून गेलं म्हणजे कुत्र्याची नजर किती बारीक, अशी त्याची कीर्ती धारूरपर्यंत पोचली आणि तिकडून जीपा यायला लागल्या.

जीप आली की मान येतो, मान आला की मोहनरावांना वास लागतो. ह्या बाबतीत त्यांचं नाक पेर्दिगेरोच्या तोडीचं होतं. त्यांनी तातडीची सभा बोलावली आणि सहकाराचं तत्त्व समजावून सांगितलं. पाणी जर सगळ्यांचं, तर पाणी दाखवणारा एकट्याचा कसा? शिवाय त्याने संस्थेची कळशी प्यालेली आहे. ठराव झाला: सदर कुत्रा संस्थेच्या मालकीचा राहील, त्याचा मुक्काम संस्थेच्या कार्यालयात राहील, आणि त्याच्यासोबत बाहेरगावी चेअरमन जातील. सुंदररावांनी आभार मानावेत असा उपठरावही होता.

जोवर त्या जनावराला कुणी विचारत नव्हतं तोवर ते सुंदररावांचं होतं. त्याला किंमत आली आणि ते सहकारी झालं. कार्यालयात टेबलाच्या पायाला त्याला बांधलं. सुंदरराव कॉलेजमधून येताना खिडकीपाशी थांबायचे, तर सुग्रीव आतून विचारायचे, काय काम आहे. डिएगो गजातून बघायचा. गळ्यात सुकलेले हार, कपाळाला मळवट, आणि चेहरा मुळातला दहाव्याचा. सुंदररावांना रडू यायचं, आणि भूगोलाच्या प्राध्यापकाने कुत्र्यासाठी रस्त्यात रडणं बरं दिसत नाही म्हणून ते घरी येऊन रडायचे.

शेवटी त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. संचालकांपुढे उभे राहून त्यांनी सांगितलं, की मी खोटं बोललो, हे कुत्रं पाणी दाखवत नाही, तित्तर दाखवतं, ते पायाळू आहे की नाही हे मला काय, साडूंनाही माहीत नाही. संचालक एकमेकांकडे बघून हसले. कुत्रं परत पाहिजे म्हणून सर काहीही बोलायला लागले, असं सुग्रीव म्हणाले. जमिनीखालचं पाणी कुत्र्याला दिसतं हे त्या सगळ्यांना पटलं होतं. झुडपाखालचा तित्तर दिसतो हे कुणालाच पटेना. खोटं बोलले तेव्हा सुंदरराव ज्ञानी होते, खरं बोलले तेव्हा वेडे ठरले. मोहनरावांनी त्यांना पुस्तकं वाचत बसायचा सल्ला दिला आणि पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय दुसऱ्या बोअरचा होता; पहिला कोरडा गेला म्हणून त्याची परवानगी नव्याने मिळाली होती. पाणी आता फारच कमी झालं होतं. जानकीबाईंच्या पिपाचा तळ ओला होऊन टँकर परत जायचा. अक्षय तृतीयेला दगडूला वाजतगाजत माळावर न्यायचं ठरलं. निघायच्या आधी चेअरमनच्या घरी त्याचं औक्षण. म्हणजे मान पुन्हा चेअरमनचाच. हलगीवाले आले, सगळी कॉलनी मागे. सुंदरराव जाणार नव्हते, पण विमलबाईंनी त्यांना दंडाला धरून नेलं. त्याला बघायला तरी चला म्हणाल्या.

मोहनरावांच्या पत्नी केशरबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. दगडू फाटकातून आत आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो ह्या आवारात पाय टाकत होता. दोन पावलं ताटाकडे चालला, आणि मग मान वळली. त्याने केशरबाईंच्या निरांजनाकडे पाठ केली, अंगणाच्या कोपऱ्यातल्या कडब्याच्या खोलीपाशी गेला आणि थांबला. उजवा पाय वर. नाक पुढे. शेपूट ताठ. हलगी थांबली.

सुंदररावांच्या लगेच ध्यानात आलं. माळावरचा म्हणून सांगितलेला तित्तर त्या खोलीत होता. ते बोलायला पुढे झाले होते, पण मागल्या वेळी खरं बोलून काय मिळालं ते आठवून थांबले.

"हितं पाणी कुठलं," मोहनराव घाईने म्हणाले. "कुत्रं चुकलं. चला, माळावर चला."

"दगडू चुकत न्हाई," सुग्रीव म्हणाले. बिचाऱ्यांची श्रद्धा खरी होती.

मोहनरावांनी साखळी ओढली. कुत्रं हललं नाही. त्यांनी पुन्हा ओढली, तर त्यांचीच चप्पल घसरली. ते म्हणाले, खोलीत नुसता कडबा आहे. मग म्हणाले, किल्ली सापडत नाही. मग म्हणाले, घरातली जागा आहे, इथे बोअर घेता येत नाही. जानकीबाई डोक्यावरचा पदर खोचत पुढे आल्या.

"चेअरमन, पानी सगळ्यांचं म्हनून तुमीच कुत्रं नेलं ना? मग आता घर बी सगळ्यांचं. कडी काढा."

नाकवाले आणि पायवाले प्रथमच एका बाजूला झाले. कडीकोयंडा उपसला. कडब्याच्या पेंढ्या हातोहात बाहेर आल्या. खाली फळ्या होत्या, फळ्यांवर एक टोपलं पालथं घातलेलं. फळ्या ओढताना टोपलं लवंडलं आणि त्यातून तित्तर फडफडत उठला, सुग्रीवांच्या टोपीवरून गेला, भिंत ओलांडून माळाकडे पसार झाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे फळ्यांखाली बघत होते. तिथे काठोकाठ भरलेला हौद होता, आणि त्या पाण्यात ऐक्यवर्धिनी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तमाम सभासदांची तोंडं दिसत होती.

पहिला टिपेचा स्वर मोहनरावांनीच लावला. ते म्हणाले, की हे कुत्रं संस्थेचं नाहीच, सरांचं आहे, त्याने काय करावं ह्याला चेअरमन जबाबदार नाही. उभ्या उभ्या ठराव झाला. सूचक मोहनराव. सुंदररावांनी डिएगोच्या गळ्यातले हार काढून फेकले, साखळी हातात घेतली आणि विमलबाईंनी सगळ्या कॉलनीसमोर त्याच्या मळवटाच्या कपाळाला तोंड लावलं. तित्तर उडालेला बघून डिएगोचा पाय खाली आला होता. बीड जिल्ह्यात आल्यापासून त्याने दाखवलेली शिकार पहिल्यांदा कुणीतरी उडवली होती; तो शेपूट हलवत होता.

पुढे काय झालं म्हणाल, तर जे सहकारात होतं तेच झालं. हौदातलं पाणी वाटलं गेलं आणि चौकशी समिती नेमली. समितीला अनुभवी माणूस पाहिजे म्हणून अध्यक्ष मोहनराव झाले. त्यांनी हौद पूर्वीपासून होता की नंतर झाला ह्यावर खूप विचार केला आणि राखीव साठा हा दूरदृष्टीचा भाग असल्याचा निष्कर्ष काढला. चेअरमन तेच राहिले. टँकर मात्र भरलेला यायला लागला. रस्त्यातले खड्डे आपोआप बुजले असावेत.

कॉलनीत एक नवीन रीत पडली. सुंदरराव संध्याकाळी डिएगोला घेऊन निघाले की दोन्ही बाजूंची दारं पटापट लागायला लागली. डिएगो कुणाच्या दारात कान खाजवायला जरी थांबला, तरी आतून घाईघाईने कुणीतरी भरली बादली आणून जानकीबाईंच्या ओट्यावर ठेवायचं, आणि वरती, आमच्याकडे एवढंच जास्तीचं होतं, असं न विचारता सांगायचं. सुंदररावांना आता सगळे वाकून नमस्कार करत. ज्या लोकांचा मान मिळावा म्हणून त्यांनी स्पेनचं कुत्रं आणलं होतं, त्यांच्याकडे पाहून त्यांना आता नुसती शिसारी यायची.

एका संध्याकाळी जानकीबाईंनी त्यांना हाक मारली. ओट्यावर तीन भरलेल्या बादल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सर, देवाची आन हाय, खरं सांगा. ह्याला पानी दिसतं का?"

"नाही," सुंदरराव म्हणाले. "तित्तर दिसतो."

"मला वाटलंच," जानकीबाई म्हणाल्या. "आता कुनाला सांगू नका."

आणि त्यांनी आपल्या बादलीतून तांब्या भरून डिएगोपुढे धरला.